उतारवयातील अबोल व्याधी

साठी उलटलेल्या गृहस्थांच्या दिनक्रमात एक लहानसा बदल हळूहळू होत असतो, आणि तो बहुधा सर्वांत आधी त्यांच्या पत्नीच्या लक्षात येतो. पूर्वी एकदा डोळा लागला की पहाटेपर्यंत न उठणारा माणूस आता रात्रीतून दोनदा, तीनदा, कधी चारदाही उठू लागतो. मोरीकडे जातो आणि बराच वेळ परत येत नाही. प्रवासाला निघताना वाटेत गाडी कोठे व किती वेळ थांबते याची चौकशी तो आधी करतो. कीर्तनाला किंवा लग्नाच्या मांडवात गेला, तर चटकन उठून जाता येईल अशी कडेची जागा धरून बसतो. कोणी विचारलेच, तर ‘वय झाले, चालायचेच’ एवढे बोलून विषय संपवितो. गुडघा दुखतो हे चारचौघांत सांगता येते, दात हलतो हेही सांगता येते. परंतु लघवीची तक्रार मुलाला सांगावयाची कशी आणि सुनेच्या देखत तो शब्द उच्चारावयाचा कसा, या संकोचात वर्षामागून वर्षे निघून जातात.

या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा असते ती अष्ठीला ग्रंथीची वाढ. डॉक्टर या ग्रंथीस प्रोस्टेट म्हणतात, आणि आता सामान्य बोलण्यातही तोच शब्द रूढ झाला आहे. ही वाढ कर्करोग नव्हे. तिचे पुढे कर्करोगात रूपांतर होते असेही नाही. तिचे निदान फारसे अवघड नाही आणि तिच्यावर खात्रीचे उपाय आहेत. असे असूनही तिच्यापायी माणसे संकटात सापडतात, कित्येकांची मूत्रपिंडे निकामी होतात. याचे कारण पुष्कळ वेळा रोगाच्या उग्रतेपेक्षा रोग्याच्या मौनात सापडते.

ही ग्रंथी फक्त पुरुषांच्याच शरीरात असते. मूत्राशय म्हणजे लघवी साठविणारी पिशवी. या पिशवीच्या तोंडाशी, जेथून मूत्रमार्ग सुरू होतो तेथे, त्या मार्गाला सर्व बाजूंनी वेढून ती बसलेली असते. तरुण वयात तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा आणि वजन सुमारे २० ग्रॅम असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करणे हे तिचे काम. ‘अष्ठीला’ या शब्दाचा अर्थ वाटोळा दगड. मलमार्ग व मूत्राशय यांच्या दरम्यान दगडासारखी घट्ट गाठ उद्भवून मूत्राचा अवरोध होतो, अशा एका विकाराचे वर्णन सुश्रुतसंहितेत ‘वाताष्ठीला’ या नावाने आले आहे. त्या वर्णनाचा आणि आजच्या शारीरशास्त्राचा तंतोतंत मेळ घालण्याचे कारण नाही. तथापि म्हातारपणी लघवी अडते, ही गोष्ट आपल्याकडील वैद्यांच्या नजरेस फार पूर्वीच आली होती, एवढे यावरून खचित म्हणता येते.

शरीरातील इतर बहुतेक अवयव उतारवयात झिजू लागतात. ही ग्रंथी मात्र उलट वाढू लागते. पुरुषत्वाचा जो अंतःस्राव वृषणांतून रक्तात येतो, त्याचे या ग्रंथीत अधिक प्रभावी अशा दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते, आणि त्या द्रव्याच्या दीर्घकालीन प्रभावाखाली ग्रंथीच्या आतील भागात लहान लहान गाठी तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता ५० ते ६० या वयातील सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. वयाच्या ऐंशीनंतर दहांतील आठ-नऊ जणांत ती असते. २०११ च्या जनगणनेत भारतात साठी ओलांडलेल्या पुरुषांची संख्या ५ कोटींहून अधिक भरली होती. यावरून या प्रश्नाचा व्याप किती मोठा आहे, हे सहज ध्यानी यावे. अर्थात वाढ झालेल्या प्रत्येकालाच त्रास होतो असे नाही. कोणाची ग्रंथी दुपटीने वाढूनही त्याची काही तक्रार नसते, तर कोणाची थोडीशीच वाढलेली ग्रंथी नेमकी मूत्रमार्गाच्या तोंडाशी दाटी करून त्याला हैराण करते. म्हणून सोनोग्राफीच्या कागदावर ‘प्रोस्टेट वाढलेले आहे’ एवढे शब्द वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही; आणि आकार लहान आहे एवढ्यावरून निर्धास्त राहणेही बरोबर नाही.

ग्रंथी आतल्या बाजूला वाढू लागली म्हणजे तिच्यामधून जाणारा मूत्रमार्ग दाबला जातो. बागेला पाणी घालावयाची रबरी नळी बोटांनी चिमटीत धरावी, तसा हा प्रकार होय. आता तेवढीच लघवी बाहेर काढण्यासाठी मूत्राशयाच्या स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. आरंभी ते तो जोर लावतातही. व्यायामाने दंड भरावेत त्याप्रमाणे मूत्राशयाची भिंत जाड होते. पण त्याबरोबरच ती चिडखोरही बनते, आणि थोडीशी लघवी साठताच ‘जावे लागेल’ असा निरोप मेंदूकडे धाडू लागते. पुढे हे स्नायू थकतात. लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. तळाशी काही शिल्लक राहते. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरावे तसा त्या शिलकीत जंतुसंसर्ग होतो, खडे तयार होतात, आणि तुंबाऱ्याचा दाब उलट मूत्रपिंडांपर्यंत जाऊन पोहोचला, तर तीही हळूहळू निकामी होऊ लागतात.

या घडामोडी ओळखण्यासाठी जगभरचे डॉक्टर आज सात साधे प्रश्न विचारतात. गेल्या महिन्याभरात लघवी करून झाल्यावरही काही शिल्लक राहिल्यासारखे वाटले काय? दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागले काय? धार मध्येच तुटून पुन्हा सुरू झाली काय? लागल्यावर रोखून धरणे कठीण गेले काय? धार बारीक झाली काय? सुरुवात होण्यासाठी कुंथावे लागले काय? आणि रात्री झोपेतून किती वेळा उठावे लागले? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण असतात. एकूण गुण ३५. सातपर्यंत गुण आले तर त्रास सौम्य, ८ ते १९ आले तर मध्यम आणि २० किंवा त्याहून अधिक आले तर तीव्र समजतात. हे प्रश्न घरी बसून कागदावर सोडविता येतात. ज्यांना डॉक्टरांपुढे तोंडाने सांगण्याचा संकोच वाटतो, त्यांनी हा कागद पुढे केला तरी अर्धे काम होते. त्याच्या जोडीला तीन दिवसांची एक टाचणवही ठेवावी. किती वाजता आणि मापाच्या भांड्याने किती लघवी झाली, तसेच पाणी व चहा किती घेतला, एवढे तिच्यात लिहिलेले असले तरी डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

रात्री उठावे लागते याचा दोष प्रत्येक वेळी प्रोस्टेटच्याच माथी मारावयाचा नसतो. मधुमेहात लघवीचे प्रमाणच वाढते. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढविणारी गोळी संध्याकाळी घेतली, तर रात्र जागून काढावी लागते. हृदयाच्या दुर्बलतेमुळे दिवसभर पायांवर साचलेली सूज आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि तिची लघवी होते. कित्येकांच्या बाबतीत तर निजण्यापूर्वीचा चहा आणि तांब्याभर पाणी एवढेच कारण असते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपणही दुकानातून आणून घेणे हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच आणि दुखल्याशिवाय का गेले असेना, तर एक दिवसही न दवडता तपासून घेतले पाहिजे. कारण मूत्राशयाचा कर्करोगही असाच दबक्या पावलांनी येतो.

दुर्लक्ष केलेल्या या विकाराचे सर्वांत भयंकर रूप म्हणजे लघवी अचानक पूर्णपणे तुंबणे. ओटीपोट फुगते, वेदना असह्य होतात, आणि प्रयत्न करूनही थेंबभर लघवी होत नाही. पुष्कळदा याला निमित्त क्षुल्लक असते. लांबच्या प्रवासात तासन्‌तास लघवी रोखून धरलेली असते, मद्यपान झालेले असते, बद्धकोष्ठ असते, किंवा सर्दीसाठी एखादी साधी गोळी घेतलेली असते. सर्दीवरील कित्येक औषधांत नाक मोकळे करणारी जी द्रव्ये असतात, ती मूत्राशयाचे तोंड अधिकच आवळतात. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये आणि अधिक पाणीही पाजू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे मूत्रमार्गातून नळी घालताच काही मिनिटांत आराम पडतो. याहून फसवा प्रकार म्हणजे वेदनेवाचून होणारा तुंबारा. मूत्राशय महिनोन्‌महिने ताणत जाते, वरचेवर थोडी थोडी लघवी गळत राहते, रात्री अंथरूण ओले होते. आणि घरातील माणसे ‘म्हातारपणामुळे ताबा गेला’ असे समजून गप्प बसतात. प्रत्यक्षात ती भरून वाहणारी पिशवी असते, आणि मूत्रपिंडांना धोका असतो तो याच अवस्थेत.

हा प्रसंग थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. १९६३ च्या ऑक्टोबरात ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या पक्षाचे वार्षिक अधिवेशन भरावयाचे होते. त्याच सुमारास एका रात्री एकाएकी त्यांना हा त्रास सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्यांना धड बसवेना. त्या रात्री त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. १० ऑक्टोबर रोजी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि १८ तारखेला रुग्णशय्येवरूनच त्यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा सादर केला. त्या राजीनाम्यामागे राजकीय अडचणीही होत्या, हे खरे. परंतु ती घटका आणली या ग्रंथीनेच. ग्रंथीची ती वाढ साधी निघाली. त्या वेळी ६९ वर्षांचे असलेले मॅकमिलन त्यानंतर आणखी तेवीस वर्षे जगले आणि १९८६ साली वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले. याउलट २०२४ च्या जानेवारीत ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांच्यावर याच विकारासाठी उपचार होणार असल्याचे राजवाड्याने आधीच उघडपणे जाहीर केले. त्यानंतर त्या देशात या विकारासंबंधी माहिती शोधणाऱ्यांची संख्या एकाएकी कितीतरी पटींनी वाढली. एका माणसाने उघड बोलावे आणि त्यामुळे हजारोंना धीर यावा, असेच हे घडले.

डॉक्टरांकडे गेल्यावर होणाऱ्या तपासणीचीही पुष्कळांना धास्ती असते. ओटीपोट दाबून पाहणे, लघवीची तपासणी, मूत्रपिंडांच्या कार्याची रक्ततपासणी आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे दाखविणारी सोनोग्राफी, यांत दुखण्यासारखे काही नाही. गुदमार्गातून बोटाने ग्रंथी चाचपणे हा भाग संकोचाचा खरा. पण तो एका मिनिटाचा असतो. साधी वाढ असली तर ग्रंथी रबरासारखी लवचीक लागते. तिच्यात दगडासारखा कठीण भाग लागला, तर कर्करोगाची शंका घेऊन पुढील तपास करावा लागतो. हा कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या थरात होतो, तर साधी वाढ मूत्रमार्गालगतच्या आतील भागात होते. त्यामुळे दोन्ही विकार एकाच माणसाला स्वतंत्रपणे असू शकतात.

याच संदर्भात ‘पीएसए’ या रक्ततपासणीचे नाव वारंवार कानी पडते. ग्रंथीत तयार होणारे हे प्रथिन कर्करोगात वाढते हे खरे. पण ते साध्या वाढीत, जंतुसंसर्गात आणि लघवी तुंबल्यानंतरही वाढते. सबब आकडा जास्त आला म्हणजे कर्करोग झालाच, असा अर्थ होत नाही. तक्रार नसलेल्या प्रत्येक पुरुषाची ही तपासणी करावी की काय, यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ खल झाला आहे. युरोपातील अनेक देशांत १९९३ पासून चाललेल्या पाहणीत सोळा वर्षांनंतर असे दिसले की, या तपासणीसाठी सुमारे ५७० पुरुषांना बोलाविले तर त्यांतील एकाचा या कर्करोगाने होणारा मृत्यू टळतो. पण त्यासाठी एरवी उघडकीस न येणारे सुमारे अठरा जणांचे कर्करोग शोधले जातात. त्यांपैकी कित्येक कर्करोग इतके संथ असतात की, त्यांनी रोग्याला आयुष्यात कधीच त्रास दिला नसता. मात्र उपचारांचे दुष्परिणाम त्याला सोसावे लागतात. म्हणून ५५ ते ६९ या वयात ज्याने त्याने डॉक्टरांशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा आणि सत्तरीनंतर ही तपासणी सरसकट करू नये, असा सल्ला अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१८ साली दिला. भारतात तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग शोधण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. प्रोस्टेटचा त्यात समावेश नाही. यास्तव तक्रार असलेल्याने स्वतः होऊन पुढे येणे अधिकच अगत्याचे ठरते. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे.

त्रास सौम्य असेल तर औषधाचीही गरज नसते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी व पाणी बेताने घेणे, बद्धकोष्ठ होऊ न देणे, लघवी रोखून न धरणे आणि ठरावीक काळाने तपासून घेणे, एवढ्यावर कित्येकांचे भागते. मध्यम त्रासासाठी दोन प्रकारची औषधे आहेत. पहिल्या प्रकारची औषधे ग्रंथीचे व मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. टॅम्सुलोसिन हे त्यांतले प्रसिद्ध औषध असून त्याचा गुण काही दिवसांतच दिसतो. ते घेणाऱ्याने अंथरुणातून एकदम उठू नये, भोवळ येण्याचा संभव असतो. आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर या गोळीविषयी नेत्रतज्ज्ञांना आधी सांगून ठेवावे, कारण तिच्यामुळे डोळ्याची बाहुली ऐन वेळी नीट रुंदावत नाही. दुसऱ्या प्रकारात फिनास्टेराइडसारखी औषधे येतात. ग्रंथीला वाढविणाऱ्या द्रव्याची उत्पत्तीच ती रोखतात आणि मोठी झालेली ग्रंथी सुमारे पाचव्या हिश्शाने लहान करतात. पण त्याला सहा महिने किंवा अधिक काळ लागतो. दोन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून ती सोडून देणे चुकीचे. या औषधामुळे पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, हेही तपासणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे.

औषधांनी भागले नाही, लघवी वारंवार तुंबू लागली, खडे झाले किंवा मूत्रपिंडांवर परिणाम दिसू लागला, तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा एक धागा भारताशी जुळलेला आहे. पीटर फ्रेयर हे आयरिश शल्यवैद्य १८७५ साली हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. आजच्या उत्तर प्रदेशात सुमारे वीस वर्षे काम करताना मूत्राशयातील खडे फोडून काढण्यात त्यांनी मोठे नाव मिळविले. तेथून निवृत्त होऊन ते लंडनला परतले, आणि १ डिसेंबर १९०० रोजी एका ६९ वर्षांच्या रोग्याचे पोट व मूत्राशय उघडून त्यांनी वाढलेली ग्रंथी बोटाने सोडवून बाहेर काढली. मोसंब्याची साल जागच्या जागी ठेवून आतील गर तेवढा काढून घ्यावा, तशी ही क्रिया होती. न्यूयॉर्कच्या युजीन फुलर यांनी असेच काम आधी केले होते, म्हणून श्रेयावरून वादही झाला. पण ही शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ केली ती फ्रेयर यांनी. त्याआधी अशा रोग्याला उरलेले आयुष्य दररोज स्वतःच्या हाताने नळी घालून कंठावे लागे, आणि जंतुसंसर्गाने पुष्कळांचा अंत होई. १९४५ साली टेरेन्स मिलिन या दुसऱ्या आयरिश शल्यवैद्याने मूत्राशय न उघडता ग्रंथी काढण्याची रीत प्रसिद्ध केली. दरम्यान १९२६ आणि १९३२ साली अमेरिकेत घडत गेलेल्या उपकरणांमुळे मूत्रमार्गातूनच आत जाऊन, पोटावर टाका न घालता, ग्रंथीचे तुकडे कापून काढणे शक्य झाले. यालाच लोक ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात. गेल्या तीस वर्षांत लेसरचाही उपयोग होऊ लागला असून, मोठी ग्रंथीदेखील आतूनच सोडवून काढता येते. फ्रेयर यांच्या बोटाने जी वाट शोधली, तिच्यावरूनच आजचा लेसर चालतो.

या शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक-दोन ते चार दिवस नळी ठेवावी लागते, आणि काही आठवडे लघवीत अधूनमधून थोडे रक्त दिसू शकते. या काळात जड वस्तू उचलू नये आणि कुंथू नये. पुरुषत्व नाहीसे होईल ही भीती पुष्कळांच्या मनात असते, पण ती कोणी बोलून दाखवीत नाही. वस्तुस्थिती अशी की, संभोगाची क्षमता बहुतेकांत पूर्वीइतकीच राहते. फक्त वीर्य बाहेर न पडता मागे मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीवाटे निघून जाते. हे अपायकारक नसते. पण आधी सांगितलेले नसले, तर माणूस खचतो. म्हणून याविषयी पती-पत्नी दोघांनीही डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे. ग्रंथीचा बाहेरचा थर या शस्त्रक्रियेनंतरही आत राहतो. त्यामुळे कर्करोगाची शक्यता कायमची संपली असे समजू नये.

खर्चाची चिंताही अनेकांना मागे खेचते. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्राथमिक तपासण्या अल्प खर्चात होतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यात आले आहे. योजनेतील रुग्णालय कोणते याची चौकशी मुलाने किंवा नातवाने केली, तर वृद्धाचा अर्धा भार हलका होईल.

पण या सर्व साधनांना प्रारंभ होतो तो एका वाक्याने, आणि ते वाक्य घरातच बोलले जावयास हवे. रात्री तिसऱ्यांदा उठलेल्या माणसाला पत्नीने ‘धार बरोबर येते ना?’ एवढे विचारावे; मुलाने ‘उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊन येऊ’ एवढे म्हणावे; आणि त्या गृहस्थाने ‘वय झाले’ हे ठरलेले उत्तर बाजूस ठेवून जे होते ते सांगावे. पुढचे काम डॉक्टरांचे.